जुने पूल, नवे भार

भोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. चारच वर्षांनी त्यावरील एक दगडी पूल कोसळला. सदोष बांधकाम हे त्याचे कारण होते. पुलाचे खरे बळ बाहेरून दिसत नाही, हा त्यातील धडा होय.

आजच्या विद्युत इंजिनांची ओढ वाफेच्या इंजिनांहून अधिक आहे. गाडी वेग घेताना वा ब्रेक लावताना रुळांच्या दिशेने जोर निर्माण होतो. तो तुळयांखालील बेअरिंगांतून खांबात व तेथून पायात उतरतो. म्हणून जुन्या खांबांच्या भेगांत सिमेंटचे द्रावण भरतात, सभोवती सळयांसह काँक्रीटचे वेष्टन चढवितात. परंतु पायाभोवतीची वाळू उपसली गेली, तर हे वेष्टनही व्यर्थ ठरते. असा उपसा दिसताच महसूल अधिकाऱ्यांस कळविणे, हा पुलाच्या रक्षणातील ग्रामपंचायतींचा वाटा होय.