शाळेच्या संगणकाची स्मृती वाढवताना



शहरातील एखाद्या कचेरीत नकाशे, आराखडे यांची कामे केलेला ‘वर्कस्टेशन’ जातीचा संगणक कधी कधी देणगी म्हणून शाळेत येतो. यंत्र दणकट असते, पण चार कामे एकदम काढली की ते रखडते. मग ‘मोडीत घाला’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानण्यापूर्वी यंत्राची स्मृती, म्हणजे रॅम, पाहावी.

डिस्क ही कणगी आणि रॅम हे खळे, असे समजा. कणगी कितीही मोठी असो, खळे अरुंद असले की मळणी तुंबायचीच. खळे खरेच अपुरे आहे का? विंडोज असेल तर नेहमीचे काम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा व ‘मेमरी’चा आकडा पाहा. ती जवळजवळ भरलेली असेल तरच शाळेचा पैसा खर्चा. अर्धी मोकळी असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. पुष्कळदा ते जुन्या फिरत्या डिस्कमध्ये असते.

आता खरेदी. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वर्कस्टेशनमध्ये आणखी एक मेख आहे. त्यात बहुधा चूक स्वतः दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ पट्टी असते, आणि तिच्यातही ‘रजिस्टर्ड’ व ‘अनबफर्ड’ असे दोन प्रकार असतात. ते एकमेकांत मिसळले तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून जुन्या पट्टीवरील चिठ्ठी अक्षरन्‌अक्षर उतरवून घ्या, आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत किती स्मृती चालते व कोणती खोबण आधी भरायची, ते वाचा. मगच दुकानाची पायरी चढा.

पट्टी बसवताना यंत्र बंद करून वायर काढा, आणि सुरू करायचे बटण काही क्षण दाबून धरा. थंडीत लोकरी स्वेटर काढताना तडतडते ना, ती अंगातली वीज पट्टी निकामी करू शकते. तेव्हा आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. पट्टी कडेने धरा, खाच जुळवा आणि दोन्ही टोके सारखी दाबा. खिट्टी ‘टक्’ करून बसली पाहिजे. बसत नसेल तर जोर करू नका. खाच पुन्हा पाहा.

यंत्र सुरू झाल्यावर एकूण स्मृतीचा आकडा ताडून पाहा. पडदा काळाच राहिला, किंवा यंत्र ‘बीप बीप’ करू लागले, तर वायर काढून पट्टी पुन्हा बसवा. शेवटी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी चालवा. ती टाळू नका. सदोष पट्टी कधी कधी गाजावाजा न करता गुणपत्रकातला आकडाही बदलून टाकते, आणि तो मुलाच्या वर्षाचा प्रश्न असतो.

हे काम वरच्या वर्गातील मुलांना जवळ उभे करून करा. शाळेचा पैसा वाचेल, आणि मुलांच्या मनातली यंत्राची भीतीही जाईल.