तो बरा झाला का?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



नरी कॉन्ट्रॅक्टर हे नाव माझ्या वयाच्यांना आठवत असेल. मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपल्या कप्तानाच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली. हेल्मेट तेव्हा कुठलं? (आता आहे, पण आपण कोल्हापूरकर ते आरशाला अडकवतो!) शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त दिलं ते वेस्ट इंडिजच्या फ्रँक वॉरेलनं, आपल्या बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, उम्रीगर यांनी. कॉन्ट्रॅक्टरचं वय २८. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी ६० वर्षांनी, २०२२ साली काढली. गडी पुन्हा रणजी खेळला. कसोटी मात्र कधीच नाही. लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात.

माझ्या धाकट्याला आपण सगळे ओळखता. सतरा वर्षांपूर्वी कागलजवळ मोटारसायकलवरून पडला, एकोणीस दिवस कोमात होता. आठ महिन्यांनी जिना चढला तेव्हा सगळे म्हणाले, "बरा झाला की हो!" हाड जुळतं तसा मेंदू जुळत नाही. तुटलेले तंतू बहुतेक तसेच राहतात, शाबूत भाग हळूहळू ती कामं शिकतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वसुली झपाट्यानं होते, पुढं हप्ता बारीक होतो, पण खातं बंद होत नाही. मंडईतून भाजी आणून सुट्टे पैसे बरोबर परत दिले, ते अकराव्या वर्षी. त्या दिवशी हिनं पेढे वाटले, कारण कुणाला सांगितलं नाही.

अजून तो लवकर थकतो. गोंगाटात चिडतो. शब्द सापडायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. चिडला तर तो स्वभाव नव्हे, कपाळामागच्या भागाला लागलेला मार आहे.

चार वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी त्याला पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम दिलं. सुरुवातीला दोनदा टाकी वाहून गेली, हे खरं. मग तो वही ठेवायला लागला. उघडला, बंद केला, वेळ, सही. औषधानं झालं नसतं ते या कामानं झालं, असं माझं मत.

पुढच्या सभेत त्या कामाला पगारी माणूस ठेवायचा विषय आहे. मतदानाच्या आधी ती वही एकदा चाळा. वॉचमनच्या टेबलावर असते.