अजाण बालकाचा हक्क

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वधूवर, शिष्यवृत्ती व वसतिगृह हे या व्यासपीठावरील नित्याचे विषय होत. आज ते बाजूस ठेवून, आपल्या घरांतून दार लावून ज्याविषयी बोलले जाते, त्याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. प्रसूतीच्या वेळी झालेल्या हयगयीने जे बालक जन्माचे पंगू होते, त्याचा भार कोणी वाहावयाचा, हा तो विषय.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या पुतण्याच्या पत्नीस एका रुग्णालयात कळा सुरू झाल्या. रात्रभर तिच्याकडे कोणी फिरकले नाही. पहाटे मूल झाले, ते रडले नाही. आज ते नऊ वर्षांचे आहे, परंतु आपल्या हाताने घास घेऊ शकत नाही. पुतण्या चौकशी करू म्हणत होता; त्यास आम्हीच आवरले. ‘दैवापुढे कोणाचे चालते? कोर्टकचेरीने मूल का बरे होणार आहे?’ असे आम्ही त्यास ऐकविले. बायकांत कुजबुज चाले की, सुनेने ग्रहण पाळले नाही. ती निमूटपणे ऐकत राही. चौथ्या वर्षी उपचारांपायी त्याने गावची जमीन विकावयास काढली, तेव्हा आमचे डोळे उघडले. रुग्णालयाकडे कागद मागितले, तर मुदत सरल्याने ते नष्ट केल्याचे उत्तर मिळाले. या दोषाचे धनी आम्ही आहोत, म्हणूनच आज बोलण्यास उभे आहोत.

प्रत्येक दुर्दैवास वैद्य जबाबदार असतो, असे आमचे म्हणणे नाही. उपचारास यश न येणे म्हणजे हयगय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले आहे. परंतु जाणकार वैद्याने घ्यावयाची वाजवी काळजी घेतली नसेल, तर भरपाई मागणे हा हक्क ठरतो. 1995 सालच्या निकालाने मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. जेथे काहींकडून पैसे घेतात व काहींस फुकट तपासतात, तेथील फुकट तपासलेल्या रुग्णांनाही तो आधार मिळाला.

चेन्नईचे उदाहरण ध्यानी धरण्याजोगे आहे. 1996 साली तेथील शासकीय रुग्णालयात एक मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. अशा बालकांच्या नेत्रपटलास धोका असतो. वेळीच तपासणी झाली, तर दृष्टी वाचू शकते. तपासणी झाली नाही, आईबापांस सूचनाही मिळाली नाही, आणि मुलगी अंध झाली. राष्ट्रीय आयोगाने 5 लाख रुपये देवविले. बाप तेथे थांबला नाही. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने झालेला खर्च व पुढील उपचारांचा खर्च निरनिराळा मोजला, वाढत्या महागाईचाही हिशेब धरला आणि एकूण सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये मंजूर केले. एवढ्याने दृष्टी परत आली नाही. परंतु आईबापांच्या पश्चात तिने कोणापुढे हात पसरू नये, एवढी तजवीज झाली. भरपाईचा खरा अर्थ हाच. ती सूड नव्हे, भिक्षाही नव्हे.

आता आपण काय करावे? पहिली गोष्ट कागदांची. 2002 च्या नियमांप्रमाणे वैद्याने दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावयाचे असतात, व रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांच्या आत द्यावयाचे असतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. दुसरी गोष्ट मुदतीची. ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावयाची असते. विलंबास सबळ कारण असेल, तरच तो माफ होऊ शकतो. तिसरी गोष्ट मंडळाची. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, डॉक्टर आहेत. त्यांपैकी चौघांनी महिन्यातून एक दिवस मंडळाच्या कार्यालयात बसून अशा कुटुंबांचे कागद पाहावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. खरी हयगय कोणती व निव्वळ दुर्दैव कोणते, हे त्यांनी निर्भीडपणे सांगावे.

चौथी गोष्ट वडीलधाऱ्यांची, म्हणजे आमच्यासारख्यांची. अशा घरी गेल्यावर दैवाचे नाव घेण्यापूर्वी कागदांची विचारपूस करावी, आणि त्या मातेस दोष देणाऱ्याचे तोंड तेथल्या तेथे बंद करावे. आमच्या सुनेची क्षमा आम्ही घरी मागितली आहे. आज ती आपणां सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.