मळणीयंत्र भाड्याने चालवताना मजुराची जबाबदारी



सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. मळणीयंत्रे, कुणी थ्रेशर म्हणा, कुणी हडंबा, आता शेडमधून बाहेर निघतील. आज मला बोलायचे आहे ते यंत्र भाड्याने फिरवणाऱ्या मालकांशी. घरची मळणी उरकून चार गावांत क्विंटलमागे दर घेऊन यंत्र चालवणे हा धंदा आहे. धंदा म्हटला की हाताखालच्या माणसांची जबाबदारी आली.

पाहिलेली गोष्ट सांगतो. आभाळ आले म्हणून एका मालकाने रात्री मळणी चालू ठेवली. पेंढी लवकर सरकावी म्हणून तोंडावरचे पत्र्याचे झाकण काढून ठेवलेले. ओलसर पेंढी अडकली, ती आत ढकलायला गेला आणि तिशीतल्या गड्याचा उजवा पंजा गेला. मालक माणूस वाईट नव्हता. दवाखान्याचे बिल त्यानेच भरले. मग गावात बैठक बसली, साठ हजार रुपये ठरले आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की यापुढे काही मागणी नाही. नऊ महिन्यांनी नोटीस आली. मला म्हणाला, "साहेब, मी काय कारखानदार आहे का? बँकेचा हप्ता भरता भरता जीव जातोय माझा."

कारखानदार नसला तरी कायदा लागू होतोच. मळणीयंत्र किती धोक्याचे, हे ओळखून संसदेने १९८३ सालीच धोकादायक यंत्रांचा कायदा केला आणि त्यात मळणीयंत्र घातले. शिवाय यांत्रिक शक्तीवर किंवा विजेवर चालणाऱ्या साधनाने शेतीकाम करणारा मजूर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही येत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. भरपाईच्या हिशोबाची रीत मात्र तीच राहिली.

तो हिशोब कागदावर मांडून बघा. मजुराचे वय ३० आणि महिन्याची मजुरी दहा हजार धरली, तर मजुरीचे ६० टक्के म्हणजे सहा हजार. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. गुणाकार होतो १२ लाख ४७ हजार ८८०. एक पंजा गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असे परिशिष्टात धरले आहे, म्हणून भरपाई ७ लाख ४८ हजार ७२८ रुपये. अंगठा शाबूत राहून चारही बोटे गेली तर ५० टक्के, नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. पैसे वेळेत दिले नाहीत तर व्याज आणि दंड वेगळा.

आणि तो स्टॅम्प पेपर? मजुराने आपला हक्क सोडून दिला असे लिहून घेतले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. समझोता करायचा तर तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. मजूर दगावला तर रक्कम घरच्यांच्या हातात न देता त्याच अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाईत धरली जात नाही. "माणसे मुकादमाने आणली होती" हे उत्तरही चालत नाही. काम तुमच्या धंद्याचे, म्हणून दावा तुमच्यावर येऊ शकतो. कधी पेंढी लावणारा गडी शेतमालकाचा असतो, कधी यंत्रमालकाचा. कुणाचा, मजुरी कोण देणार, हे आधी ठरवून वहीत लिहा, नाव आणि वयासह. ही वहीच पुढे उपयोगी पडते.

यावर उपाय आहे तो विम्याचा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते. एजंटला स्पष्ट सांगा की काम मळणीयंत्रावरचे आहे, माणसे हंगामी आहेत, इतकी आहेत आणि मजुरी इतकी आहे. हे पॉलिसीत उतरले आहे का, ते स्वतः वाचून घ्या. यंत्राचा विमा काढला म्हणजे माणसांचा निघाला असे समजू नका, ही चूक फार जण करतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सातबारावाल्या शेतकऱ्याच्या घरासाठी आहे, भूमिहीन मजूर तीत बसत नाही. त्याच्या बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा जरूर काढून द्या. पण त्याने तुमची जबाबदारी फिटत नाही.

आता यंत्राकडे वळू. पेंढी टाकायची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि ड्रमकडचा तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. पंजा ड्रमपर्यंत पोचूच नये, एवढ्यासाठी हे माप आहे. तुमची पन्हळ आखूड असेल तर गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात वाढवून देईल. झाकण बोल्टने पक्के करा, नुसते अडकवू नका. पट्टा आणि ट्रॅक्टरचा फिरता दांडा झाकून घ्या. पदर, उपरणे, सैल बाह्या तोंडाशी नकोत. अठरा वर्षांखालचे पोर आणि प्यालेला माणूस तर यंत्राजवळ उभाच करू नका. पेंढी अडकली तर आधी यंत्र बंद करा, मग काठीने काढा.

त्या मालकाचा दावा अजून चालू आहे. यंदा त्याने झाकण वेल्डिंग करून घेतले आणि पॉलिसीही काढली. तिच्या हप्त्याची रक्कम त्याने मला मुद्दाम दाखवली. बँकेच्या एका हप्त्याहूनही ती कमी होती.