चार चाकांचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलण्याचा हुकूम केला तेव्हा मी आधी अंग काढून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्या म्हणाल्या, "पाककृती नको, व्रतकथा नको. तुमच्याकडे तो आगगाडीचा डबा आहे ना, त्याचे सांगा." आपल्यातल्या काहीजणींनी तो पाहिला आहे, आणि "या वयात भातुकली काय मांडलीत!" असे एकीने ऐकवलेही आहे. नाव सांगत नाही. ती पुढच्याच रांगेत बसली आहे.

तर झाले असे. माझे धाकटे दीर इंग्लंडात असतात. त्यांनी गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांसाठी एक खोके पाठवले. वर आगगाडीच्या डब्याचे सुरेख चित्र. उघडले तर आत डबा नाहीच! नुसत्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि वेलीला शेंगा लोंबाव्यात तसे त्यांना चिकटलेले बारीकबारीक तुकडे. डबा आपला आपण जोडायचा. चिरंजीव दोन दिवस बसले, एक चाक हरवून पुन्हा शोधून काढले, आणि क्रिकेट खेळायला निघून गेले. खोके माझ्या कपाटात आले.

त्याआधीच, श्रावणात, मामंजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मामंजी म्हणजे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षे सुतारकाम केलेला माणूस. सुनेच्या हातून घास घ्यायचा याची त्यांना फार लाज वाटे. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टरांनी मुठीत दाबायला चेंडू दिला होता, तो त्यांनी भिरकावून दिला. मीही काही देवी नव्हे. दोन वेळा मी ताट आदळले आहे. हे सांगितल्यावाचून पुढचे खरे वाटणार नाही, म्हणून सांगते.

दुपारी त्यांच्याजवळ कुणीतरी बसावे लागे. नुसते बसून काय करायचे? पौंड मोजून आलेली वस्तू वाया जाते आहे, याचीही मला चुटपुट होती. म्हणून एके दिवशी ते खोके घेऊन खाटेशेजारी बसले. इंग्रजी कागद मला वाचता येईना, पण चित्रे होती आणि प्रत्येक तुकड्याला आकडा होता. ब्लाउजचा कागदी कित्ता पाहून मी कापड बेतते, तसेच हेही. ब्लेडने तुकडा सोडवायचा, देठाचा जो मस राहतो तो नखे घासायच्या कानशीने घासून टाकायचा. तो राहिला की दोन कडा नीट मिळत नाहीत.

आता चिकटवणे. त्यासाठी पाण्यासारखे पातळ औषध असते. ते डिंकासारखे चिकटत नाही. प्लास्टिकच थोडे विरघळवते, आणि दोन तुकडे एकजीव होतात. कडा जुळवून धरायच्या आणि बारीक कुंचल्याचे टोक फटीला नुसते टेकवायचे, की औषध आपण होऊन आत ओढले जाते. मला हे काय ठाऊक? मी खळ लावावी तसे भरपूर लावले, वर अंगठ्याने दाबले. डब्याच्या बाजूवर माझा अंगठा कायमचा उमटला! रंगाखालून अजून दिसतो. सहीऐवजी अंगठा, असे आमचे चिरंजीव म्हणतात.

मग चार भिंती उभ्या करायला लागले. तेव्हा भिंतीकडे पाहणारे मामंजी केव्हा माझ्याकडे वळले ते कळले नाही. एकदम "गु… गु…" असा आवाज आला. मला भलताच अर्थ लागला. मी धावत जाऊन भांडे आणले. मामंजी असे संतापले! डाव्या हाताने खाटेखाली दाखवू लागले. तिथे त्यांची हत्यारांची पेटी. उघडली, तेव्हा उजेड पडला. त्यांना म्हणायचे होते, गुण्या! सुतार कोपरा तपासतो तो काटकोन. माझा कोपरा वाकडा होता आणि त्यांना तो खाटेवरून दिसला होता.

त्या दिवसापासून दुपारचा एक तास आमचा ठरला. घासायची भांडी मोरीत पडून राहत. घरातून त्यावर बोलणे झाले, पण मी दाद दिली नाही. एक बाजू आणि एक टोक गुण्याला लावून जोडायचे, तशीच दुसरी जोडी करायची, मग दोन्ही मिळवायच्या. मामंजी डाव्या हाताने घाशीत, आणि मेलेला उजवा हात तुकड्यावर वजनासारखा ठेवीत. काम अगदी हळू चाले.

मापाचेही त्यांनीच समजावले. खऱ्याचा एक फूट तिथे चार मिलिमीटर. म्हणजे मी पाच फुटांची बाई, त्या डब्यात चढायचे तर मला वीस मिलिमीटरचे व्हावे लागेल! डबा जुन्या विलायती तिसऱ्या वर्गाचा, जेमतेम अकरा सेंटीमीटर. त्यात पाच खण, प्रत्येकाला दोन्ही अंगांना दारे. एका खणातून दुसऱ्यात जायला वाट नाही, आणि बायांनो, संडासही नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हाचे डबेही असेच चारचाकी.

एकदा मी सहज म्हटले, "ही बोगी छान होतेय." मामंजींनी कपाळावर हात मारला. आपण सगळ्याजणी डब्याला बोगी म्हणतो ना? ते चूक आहे. बोगी म्हणजे डब्याखालची, आपल्या जागी फिरणारी चाकांची गाडी. लांब डब्याला अशा दोन असतात, म्हणून तो वळणावर वळतो. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून जे डबे निघू लागले, ते सुमारे एकवीस मीटर लांबीचे. आमच्या मापात अठ्ठावीस सेंटीमीटर भरतील. त्या बनावटीचे नवे डबे करणे २०१८ साली थांबले. आमच्या डब्याला बोगीच नाही. आस घट्ट बसवलेले, म्हणून डबा आखूड. एवढे सांगायला मामंजींना दोन दुपारी लागल्या. झटक्यानंतर इतके शब्द ते प्रथमच बोलत होते.

चाकांनी मात्र मला रडवले. आसाची टोके सुईसारखी असतात, ती पितळेच्या इवल्या वाट्यांत फिरतात. दोन्हीकडचे धारक समोरासमोर नसतील तर चाक अडते. मी बसवले, डबा घरंगळला, मला आनंद झाला. मामंजींनी आरसा आडवा ठेवायला लावला, डबा त्यावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबले. टक. एक चाक अधांतरी! लंगड्या पाटासारखे. मी म्हटले, "मामंजी, कपाटात तर ठेवायचा आहे, कोण बघतो?" त्यांनी मान हलवली, आणि अडखळत म्हणाले, "गाडी… उतरते. माणसं… असतात आत."

त्या अकरा सेंटीमीटरच्या डब्यात कुठली माणसे! पण मला पुढे काही बोलवले नाही. एकजीव झालेला सांधा ब्लेडने कापला. कापताना एक धारक मोडला, तो जोडला. तीन दुपारी गेल्या. शेवटी आरशावर चारही कोपरे दाबले, टक नाही. डबा फार हलका, रुळावरून उडायचा, म्हणून तळाशी जुनी, बंद झालेली पंचवीस पैशांची दहाबारा नाणी रबरी गोंदाने चिकटवली. त्या औषधाने धातू चिकटत नाही, हेही करून पाहिल्यावरच कळले.

रंगावरून घरात भांडण. चिरंजीवांना खोक्यावरच्यासारखा हवा, खाली चॉकलेटी, वर मलईचा. मामंजींना गेरूचा, त्यांच्या उमेदीत आपले डबे असत तसा. निळे ते पुढे नव्वदीच्या दशकात झाले. दोघेही हट्टी. मग मी एक बाजू अशी रंगवली, एक तशी. काचकपाटात एका वेळी एकच बाजू दिसते. शाळा सुटायच्या वेळी मी डबा फिरवून ठेवते.

मामंजींचा उजवा हात आला का, असे तुम्ही विचाराल. नाही आला. जेवण मात्र ते आता डाव्या हाताने, चमच्याने, आपले आपण जेवतात. सांडते. सांडू दे. आणि दिरांना निरोप गेला आहे की, पुढच्या खेपेला दोन बोग्यांचा डबा पाठवा.

डबा मी पिशवीतून आणला आहे. चहानंतर सगळ्याजणींनी पाहा, भातुकली म्हणणारीनेही. फक्त भज्यांचे हात पुसून घ्या, आणि पायऱ्यांना धरू नका, त्या मोडतात.