पिशवी गेली, पांढरं गेलं नाही
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



आज मला धुपणीबद्दल, म्हणजे अंगावरून पांढरं जाण्याबद्दल बोलायचं आहे. विषय काढला की अजूनही बैठकीत बायका तोंडाला पदर लावतात. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, पण मीसुद्धा पहिली काही वर्षं नुसतं ‘बायकांच्या तक्रारी’ एवढंच म्हणायचे. माझ्या त्या संकोचाची किंमत दुसरीनंच मोजली. आधी तिची गोष्ट सांगते.

आमच्या बचतगटात ऊसतोडीला जाणारी एक बाई होती. वय २९, तीन मुलं. अंगावरून जातं, खाज सुटते, कंबर दुखते, असं वर्षभर सांगत होती. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं, “पिशवी खराब झालीय. आत्ता काढली नाही तर कॅन्सर होईल.” आतून तपासणी केलीच नाही; पोटाची सोनोग्राफी तेवढी केली. ती घाबरली. मीही घाबरले. गटातून कर्ज मीच मिळवून दिलं आणि ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर मीच बसून होते. चार महिन्यांनी ती म्हणाली, “ताई, पिशवी गेली, पण पांढरं काही जायचं थांबलं नाही.”

मग आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं आतून तपासलं. योनिमार्गात जंतुसंसर्ग होता. तिला आणि नवऱ्याला गोळ्या दिल्या. आठवड्याभरात त्रास थांबला.

यात समजायला अवघड काहीच नव्हतं. संसर्ग योनिमार्गात असेल, तर पिशवी काढल्यानं तो कसा जाणार?

थोडा पांढरा स्राव प्रत्येकीला असतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पातळ, तार सुटणारा असतो. पाळीआधी थोडा घट्ट होतो. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि भयंकर खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग. गरोदरपणात, मधुमेहात किंवा अँटिबायोटिक गोळ्यांनंतर तो जास्त होतो. पातळ, करडा, माशासारखा वास येणारा स्राव म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव आणि आग होत असेल, तर तो बहुतेक संबंधातून आलेला संसर्ग असतो. त्यात नवऱ्यानंही औषध घेतलं नाही तर तो पुन्हा होतो. या तिन्हींवर साधी औषधं आहेत.

“पांढरं गेलं की हाडं वितळतात,” असं आपल्याकडे म्हणतात. हाडं वितळत नाहीत. थकवा आणि चक्कर यांचं कारण बरेचदा रक्त कमी असणं हे असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून रक्त तपासून घ्या.

मात्र ओटीपोटात दुखून ताप येत असेल, संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल, तर एक दिवसही अंगावर काढू नका. कर्करोग असेल तर तो तपासणीतच कळतो. नुसत्या भीतीनं पिशवी काढून नाही.

१९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तीस वर्षांनी, २०१९ साली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

हे का होतं? कोपीत न्हाणी नाही, संडास नाही. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा. मुकादमाची उचल फेडायची असते. अशा वेळी “एकदाची पिशवी काढून टाका,” हा सल्ला बाईला सुटकेसारखा वाटतो. पण पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर अंगातून वाफा येतात आणि हाडं ठिसूळ होतात. पांढऱ्यानं न होणारी हाडांची झीज ऑपरेशननं होते!

कर्करोग, अंग फार बाहेर येणं, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव यांसाठी हे ऑपरेशन लागतं. त्याला विरोध नाही. पण आधी विचारा: रोगाचं नाव काय? आतून तपासलं का? औषधानं बरं होणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आमची ती मैत्रीण आज ३३ वर्षांची आहे. रात्री घामानं भिजून उठते. ऑपरेशनचं कर्ज तिनं उचल घेऊन फेडलं आणि ती उचल दोन हंगाम ऊस तोडून. म्हणून सांगते, बाईबरोबर दवाखान्यात गेलात, तर माझ्यासारख्या बाकावर बसून राहू नका. तिला विचारा, आणि तिची इच्छा असेल तर तिच्याबरोबर आत जा.