टाचदुखी आणि वारकरी

(लांजा येथे दिंडीच्या मुक्कामी केलेले भाषण)



कीर्तनाआधी डॉक्टरला उभं केलंत, तेव्हा फार वेळ घेत नाही. पायांविषयी बोलतो. वारकऱ्याचं खरं वाहन तेच.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. चार पावलांनी सैल पडते, बसून उठलं की पुन्हा तेच. किती जणांना होतं? हात वर करा. बघा, निम्मा मांडव!

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान धरून ठेवतो. जांभ्याच्या कातळावर अनवाणी चालणं, झिजलेली चप्पल, वाढलेलं वजन, दिवसभर उभ्याचं काम, यांनी तो टाचेपाशी दुखावतो. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तर घाबरू नका; तसं हाड न दुखणाऱ्या पायातही सापडतं.

१० पैकी ९ जण ऑपरेशनाशिवाय बरे होतात, पण ६ महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो. अंथरुणातच पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढा, १० पर्यंत मोजा, असं १० वेळा करा. मऊ तळाची चप्पल घरातही घाला.

एवढं करूनही दुखणं हटलं नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया असते. टाचेच्या बाजूला छोटा छेद घेऊन पट्ट्याचा काही भागच सोडवतात. सगळा कापला तर कमान खचते. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. पण छेद लहान म्हणून विश्रांती लहान नव्हे; लगेच आंबा घाट चढायचा नाही. काहींचं दुखणं नंतरही राहतं, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

वारीच्या तोंडावर "एक इंजेक्शन मारा, पंढरपूर गाठतो" असं म्हणू नका. कळ दबते, पण त्यावर चालताना पट्टा तुटूही शकतो. मधुमेह असलेल्यांनी रोज तळवे बघावेत; काटा रुतला तरी त्यांना कळेलच असं नाही.

माझ्या आजोबांचा अनवाणी वारीचा नेम होता. टाच दुखायची, सांगायचे नाहीत. शेवटची वर्षं दिंडीच्या ट्रकात बसून डोळे पुसत गेली. वेळीच चप्पल घातली असती तर चालले असते. चपलेने नेम मोडत नाही, माऊली. आणि एखादं वर्ष पाय थांबले, तरी विटेवरचा थांबलेलाच आहे. पुढच्या वर्षी भेटेल.

रामकृष्ण हरी!